पुढाकार कोणाचा? पेडगावची छावणी, संताजी-धनाजी आणि महावीरांच्या पथकांचा एक जुना प्रश्न

धागा लांब आहे. सुरुवात एका आधुनिक खेळापासून, पुढचा सारा प्रवास भीमा आणि गोदावरी यांच्या मधल्या मुलखात.

महाशक्ती लाभलेल्या वीरांचे पथक घेऊन जे भूमिकाखेळ, म्हणजेच रोल-प्लेइंग गेम, खेळले जातात, त्यांत एक तक्रार वर्षानुवर्षे ऐकू येते. खलनायक बँक लुटतो, पथक धावते. खलनायक धरण फोडण्याची धमकी देतो, पथक पुन्हा धावते. पथकातला एक आकाशात उडतो, दुसऱ्याला भिंतीपलीकडचे दिसते, तिसऱ्याला गोळी लागत नाही. तरीही प्रत्येक डावाची पहिली खेळी शत्रूच करतो. सामर्थ्य वीरांकडे आणि पुढाकार खलनायकाकडे, अशी ही विचित्र वाटणी. मग एखादा खेळाडू विचारतो : आपण वाट का पाहायची? त्याच्या अड्ड्यावर आधीच का जायचे नाही?

या खेळांचे कूळ युद्धखेळांचे आहे. प्रशियाच्या सैन्यात १८२४ साली अधिकाऱ्यांना शिकवण्यासाठी ‘क्रीग्सश्पील’ हा नकाशावरचा खेळ स्वीकारला गेला. त्या परंपरेतून वाटा फुटत फुटत १९७४ साली ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ अवतरला आणि १९८१ साली ‘चॅम्पियन्स’सारखा महावीरांचा खेळ आला. म्हणजे ‘आधी हलावे की शत्रू हलल्यावर हलावे’ हा प्रश्न खेळाडूंनी शोधलेला नाही. तो सेनापतींकडून वारसाहक्काने त्यांच्याकडे आला आहे.

१९७४ च्या बरोबर ३०० वर्षे आधी या प्रश्नाचे एक विलक्षण उत्तर श्रीगोंदा तालुक्यात दिले गेले. हा निव्वळ योगायोग, पण लक्षात ठेवायला सोयीचा.

दौंडहून अहिल्यानगरकडे निघाले की भीमा ओलांडल्यावर काष्टी लागते. जनावरांच्या बाजारासाठी या गावाचे नाव महाराष्ट्रभर ठाऊक आहे. तिथून पूर्वेकडे, बैलगाडीने अर्ध्या दिवसाच्या वाटेवर, भीमेच्या उत्तर काठावर पेडगाव आहे. यादवकालीन मंदिरांचे हे गाव सतराव्या शतकात मोगलांच्या दख्खनमधील सर्वांत महत्त्वाच्या लष्करी ठाण्यांपैकी एक बनले. औरंगजेबाचा दूधभाऊ बहादूरखान कोकलताश दख्खनचा सुभेदार म्हणून आला आणि त्याने इथे छावणी केली. पुढे तिला तटबंदी आली, वस्ती वाढली आणि ठाण्याला बहादूरगड हे नाव मिळाले. आज त्याला धर्मवीरगडही म्हणतात; त्या नावामागची घटना पुढे येईलच.

जागेची निवड चांगली होती, हे मान्य करायला हवे. उत्तरेकडे अहमदनगर, पश्चिमेकडे पुण्याचा मुलूख आणि मावळच्या वाटा, पायाशी भीमेचे पाणी, भोवती घोडदळाला मोकळे मैदान. मराठ्यांच्या तुकड्या सह्याद्रीतून उतरून मोगली मुलखाकडे निघाल्या, तर त्यांना अडवायला याहून मोक्याचे ठिकाण सापडणे कठीण. पण छावणीच्या हेतूतच तिचा दोष दडलेला होता. ती अडवण्यासाठी उभारलेली होती. मराठे निघतील तेव्हा निघायचे, ते जिकडे जातील तिकडे जायचे. हिंदुस्थानातील सर्वांत बलाढ्य सत्तेचा सुभेदार, हाती तोफा, हत्ती आणि खजिना असूनही, रोज सकाळी शत्रूच्या बातमीची वाट पाहत बसलेला असे.

६ जून १६७४ रोजी रायगडावर शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक झाला. सोहळ्याला खर्च प्रचंड झाला होता आणि पावसाळा तोंडावर होता. पावसाळ्यात मोठ्या फौजा हलत नाहीत, ओढे-नाले भरतात, तोफा चिखलात रुततात. म्हणून मोगल सैन्य या महिन्यांत छावणीत विसावत असे. जुलैच्या मध्यास मराठ्यांची एक तुकडी पेडगावच्या आसपास दिसू लागली. सुमारे २००० स्वार. इतक्या लहान तुकडीला सोडून देणे सुभेदाराला शोभणारे नव्हते. बहादूरखान फौज घेऊन तिच्या पाठीवर निघाला. तुकडी लढण्यास थांबली नाही आणि पूर्ण दिसेनाशीही झाली नाही. जदुनाथ सरकारांनी आपल्या शिवचरित्रात दिलेल्या वर्णनानुसार ती खानाला छावणीपासून सुमारे ५० मैल दूर घेऊन गेली.

तेवढ्यात दुसऱ्या वाटेने सुमारे ७००० स्वार ओस पडलेल्या छावणीवर उतरले. एक कोटीची लूट, बादशहाला नजर करण्यासाठी जमवलेले २०० उत्तम घोडे, आणि मागे जळणारे तंबू. एक कोटी हा आकडा तोंडातोंडी फुगलेला असण्याची शक्यता आहे. त्या काळातील लुटीचे आकडे असेच असतात. घटनेचा सांगाडा मात्र स्पष्ट आहे. ‘वेड पांघरून पेडगावला जाणे’ या वाक्प्रचाराचा उगमही लोकपरंपरा याच छाप्याशी जोडते. तो संबंध खरा असो वा नसो, वेड नेमके कोणी पांघरले आणि पेडगावला नेमके कोण गेले, हे भाषेने अचूक टिपले आहे.

येथे थोडे थांबून पाहण्यासारखे आहे. आपली समजूत अशी असते की जो चाल करून जातो त्याच्या हाती पुढाकार असतो. पेडगावला चाल करून गेला बहादूरखान. पाठलाग त्याने केला, ५० मैलांची दौड त्याने मारली, मराठ्यांचे २००० स्वार तर केवळ पळत होते. तरीही त्या दोन-तीन दिवसांत खानाने केलेली प्रत्येक हालचाल कोणी दुसऱ्याने त्याच्यासाठी ठरवून ठेवली होती. शत्रूने कुठे असावे हे ज्याने ठरवले त्याच्याकडे पुढाकार होता. घोडा कोणाचा पुढे आणि कोणाचा मागे धावतो आहे, याने त्यात फरक पडला नाही.

हे साधण्यासाठी तीन गोष्टी लागल्या. पहिली, माहिती. छावणीत काय आहे, खान कोणत्या चिथावणीने बाहेर पडेल, मागे किती पहारा राहील, हे आधी कळल्याशिवाय असा बेत आखता येत नाही. दुसरी, वेळेची निवड : शत्रूच्या पंचांगात जो विश्रांतीचा काळ, तोच आपल्या कामाचा. आणि तिसरी गोष्ट, जी गोष्टी सांगताना बहुधा गळून जाते : त्या २००० स्वारांची शिस्त. छाप्याचे नाव आणि लूट मागच्या ७००० जणांच्या वाट्याला आली. पुढच्या २००० जणांना मात्र लढण्याची खुमखुमी आवरून, पाठीवर शत्रू घेऊन, योग्य अंतर राखत पळायचे होते. ज्या पथकात प्रत्येकाला स्वतःचाच पराक्रम दाखवायचा असतो, त्याला हा बेत जमत नाही. महावीरांचे खेळ खेळणाऱ्यांना ही अडचण वेगळी समजावून सांगायला नको.

पुढल्याच वर्षी हाच डाव शब्दांनी खेळला गेला. १६७५ च्या पूर्वार्धात महाराजांनी बहादूरखानाशी तहाची बोलणी लावली. खानाने ती दरबाराकडे पाठवली, उत्तराची वाट पाहिली, मोगल फौज शांत राहिली. तोवर मराठे फोंड्याच्या वेढ्यात गुंतले होते. मे महिन्यात फोंडा पडला, आणि तहाची गरज संपली.

याच काळातली दुसरी एक घटना मात्र ताकीद म्हणून वाचावी लागते. १६७३ च्या एप्रिलात उमराणीजवळ प्रतापराव गुजरांनी विजापूरच्या बहलोलखानाचे पाणी तोडून त्याला कोंडीत पकडले, आणि शरण आल्यावर सोडून दिले. खान पुन्हा उलटला. महाराजांचा रोष प्रतापरावांच्या जिव्हारी लागला. २४ फेब्रुवारी १६७४ रोजी नेसरीजवळ, मागे सैन्य असतानाही, अवघ्या सहा सोबत्यांनिशी ते बहलोलखानाच्या फौजेवर तुटून पडले. सातही जण पडले. या शौर्यापुढे महाराष्ट्र साडेतीनशे वर्षे नतमस्तक आहे आणि ते योग्यच आहे. पण युद्धशास्त्राच्या दृष्टीने नेसरीला पुढाकार म्हणता येत नाही. ती चाल पुढची दिसते. प्रत्यक्षात ती उमराणीच्या चुकीला, धन्याच्या शब्दाला आणि समोर अकस्मात दिसलेल्या शत्रूला दिलेली एकाच वेळची प्रतिक्रिया होती. नेसरी आणि पेडगाव यांत पाच महिन्यांचेही अंतर नाही.

मग महावीरांची पथके आधी हलत का नाहीत? लेखकांचा आळस हे एक कारण खरेच. दुसरे कारण गंभीर आहे. अपराध घडण्यापूर्वीच जो प्रहार करतो तो पाहणाऱ्याला रक्षक वाटत नाही. असामान्य सामर्थ्य असलेल्या माणसाने कोणाच्या परवानगीवाचून, केवळ स्वतःच्या अंदाजावर, दुसऱ्याच्या दारावर लाथ मारली, तर त्याच्यात आणि खलनायकात फरक कोणता? वाट पाहणे ही त्या वीरांनी स्वतःवर घालून घेतलेली मर्यादा आहे.

हा प्रश्न सतराव्या शतकातही होता, आणि तो सुरतेत सर्वाधिक बोचतो. जानेवारी १६६४ मध्ये महाराज सुरतेवर गेले तेव्हा शहराबाहेरून त्यांनी मोगल सुभेदार इनायतखानाला आणि बड्या व्यापाऱ्यांना निरोप पाठवला की समक्ष येऊन खंडणी ठरवावी, अन्यथा शहर भोगेल. सुभेदार किल्ल्यात जाऊन बसला. शहराने भोगले. शाहिस्तेखानाने तीन वर्षे पुण्याचा मुलूख तुडवला होता, त्याची भरपाई मोगलांच्या तिजोरीतून घेणे हा राज्याच्या दृष्टीने न्याय होता. सुरतेतल्या ज्या सामान्य माणसाचे घर जळले, त्याला हा हिशेब पटण्याचे कारण नव्हते. मराठ्यांच्या पुढाकाराचा अभिमान बाळगणाऱ्याने ही बाजू झाकून ठेवू नये. झाकली की इतिहासाची केवळ आरती उरते.

आता पुन्हा पेडगाव, पण १६८९.

फेब्रुवारीच्या आरंभी संगमेश्वरी छत्रपती संभाजी महाराज मुकर्रबखानाच्या हाती सापडले. त्यांना औरंगजेबापुढे आणले ते याच बहादूरगडावर. ११ मार्च रोजी त्यांची हत्या झाली. ज्या छावणीला १५ वर्षांपूर्वी वेड्यात काढले होते, तिथेच मराठी राज्याचा छत्रपती साखळदंडांत उभा होता. विजापूर १६८६ मध्ये आणि गोवळकोंडा १६८७ मध्ये बुडाले होते. वर्ष संपण्यापूर्वी रायगड पडला. येसूबाई आणि बालशाहू कैदेत गेले. राजाराम महाराज निसटून कर्नाटकात जिंजीला पोहोचले. राजा शेकडो मैलांवर, राजधानी शत्रूकडे, खजिना रिकामा. पुढाकार घेण्यासाठी जे जे लागते, त्यातले काहीही हाती उरले नव्हते.

अशा वेळी पुस्तकी शहाणपण सांगते : गड धरा, तग धरा, शत्रूच्या चालीला उत्तर द्या. रामचंद्रपंत अमात्यांनी महाराष्ट्रात गडांची व्यवस्था लावून हेच केले. हुकूमतपनाह या नात्याने राज्याचे सर्वाधिकार त्यांच्याकडे होते, साथीला शंकराजी नारायण आणि परशुराम त्रिंबक होते. तिकडे जिंजीचा किल्ला १६९० पासून जानेवारी १६९८ पर्यंत झुल्फिकारखानाच्या फौजेपुढे उभा राहिला. बचावाला कमी लेखण्याची फॅशन आहे, म्हणून हे मुद्दाम सांगावे लागते. औरंगजेबाच्या उत्तम फौजांपैकी एक आठ वर्षे एका किल्ल्याखाली अडकून राहिली. जिंजीच्या तटावर बसलेला शिबंदीतला माणूस आणि पेडगावच्या माळावर पळणारा स्वार, दोघांचे काम एकाच जातीचे होते : शत्रूला एका जागी गुंतवून ठेवणे.

शत्रू गुंतला की कोणीतरी मोकळे असले पाहिजे. ते मोकळे हात म्हणजे संताजी घोरपडे आणि धनाजी जाधव.

या दोघांच्या जोडीला ‘महावीरांचे पथक’ म्हणण्याचा मोह आवरत नाही. मे १६९० मध्ये साताऱ्याजवळ रुस्तुमखान हा मातबर सरदार कुटुंबासह त्यांच्या हाती सापडला. रायगड पडून अजून सात महिने झाले नव्हते. डिसेंबर १६९२ मध्ये संताजींनी कांचीचा फौजदार अलीमर्दानखान पकडला, धनाजींनी जिंजीच्या वेढ्यावर घाला घालून इस्माईलखान मका याला कैद केले. वेढा घालणारेच काही काळ वेढले गेले. तुळापूरच्या छावणीत शिरून बादशहाच्या डेऱ्याचे सोन्याचे कळस कापून आणल्याची बखरीतली गोष्ट सर्वांना पाठ असते. ती वगळली तरी या यादीचे वजन उणे होत नाही.

संताजींची सर्वांत पूर्ण कामगिरी नोव्हेंबर १६९५ मधली, चित्रदुर्गाजवळच्या दोड्डेरीची. त्यांना अडवण्यासाठी बादशहाने कासीमखानाला पाठवले आणि दरबारातले खानाजादखानासारखे नामवंत सरदार त्याच्या मदतीला दिले. पाहुण्यांचा थाटमाट करावा म्हणून कासीमखानाने आपले उंची तंबू पुढच्या मुक्कामावर काही मैल आधीच रवाना केले. संताजींनी सैन्याचे तीन भाग केले. एकाने पुढे गेलेले तंबू लुटले. ती बातमी ऐकून मोगल फौज घाईने पुढे निघाली, तर दुसरा भाग तिच्या वाटेत उभा होता. लढाई रंगली असताना राखीव ठेवलेला तिसरा भाग मागे उरलेल्या मूळ तळावर पडला. खान माघार घेत दोड्डेरीच्या गढीत शिरले आणि तिथे दाणापाण्यावाचून कोंडले गेले. कासीमखान गढीतच मेला. अफूची सवय असलेल्या या सरदाराने विष घेतले, असेही म्हटले गेले. बाकीच्यांनी सर्व सामान आणि २० लाखांची खंडणी कबूल करून सुटका करून घेतली. जानेवारी १६९६ मध्ये त्यांच्या मदतीला निघालेला हिम्मतखान बसवापट्टणजवळ मारला गेला.

पेडगावचाच आराखडा, एका भागाने वाढलेला. फरक परिस्थितीचा : १६७४ मध्ये पाठीशी अभिषिक्त राजा आणि उभे राज्य होते. १६९५ मध्ये राजा वेढ्यात होता.

त्या वेढलेल्या राजाचा एक पत्रव्यवहार या साऱ्या काळाची नाडी दाखवतो. १६९१ साली जिंजीहून राजाराम महाराजांनी घोरपडे घराण्यातील सरदारांना जे आश्वासन दिले, त्यात बक्षिसाचे टप्पे घातलेले आहेत : रायगड घेतल्यावर इतके, विजापूर घेतल्यावर इतके, मग भागानगर, मग औरंगाबाद, आणि शेवटचा मोठा हिस्सा दिल्ली घेतल्यावर. स्वतःची राजधानी शत्रूच्या हातात, आणि कागदावर दिल्ली. याला फुशारकी म्हणता येईल. परंतु गड राखण्यापुरतीच ज्यांची नजर उरली आहे अशा सरदारांपुढे हा कागद एक वेगळा नकाशा पसरत होता.

त्याची किंमतही दिली गेली. शिवाजी महाराजांनी वतने देण्याचे टाळले होते, फौजेला रोख पगारावर ठेवले होते. खजिनाच नसलेल्या राजारामांना सरदार टिकवायचे तर वतनाचे आणि जिंकाल तो मुलूख तुमचा याचे आमिष दाखवणे भाग पडले. प्रत्येक सरदार आपापल्या पुढाकाराने मोहिमा काढू लागला. बादशहाला कोणत्या मराठा फौजेला उत्तर द्यावे तेच कळेना, ही याची चांगली बाजू. सरदारांना एकत्र कोण बांधणार, हे मात्र उघडेच राहिले.

पथक फुटले ते याच ठिकाणी. संताजींची शिस्त कठोर, स्वभाव तिखट; धनाजी मिळूनमिसळून घेणारे. १६९६ मध्ये वाद उघड लढाईपर्यंत गेला. संताजींनी धनाजींच्या बाजूचे अमृतराव निंबाळकर यांना पकडून हत्तीच्या पायी दिले. छत्रपतींनी सेनापतिपद काढून घेतले. जून १६९७ मध्ये एकाकी पडलेल्या संताजींना नागोजी माने यांनी गाठून ठार केले. नागोजी हे अमृतरावांचे मेहुणे. दोड्डेरीच्या विजयाला दोन वर्षेही झाली नव्हती. मोगलांना जे एकाही रणांगणावर साधले नाही, ते आपसांतल्या वैराने साधून दिले.

विशेष हे की तरीही पुढाकार मोगलांकडे परतला नाही.

ऑक्टोबर १६९९ मध्ये वयाच्या ऐंशीच्या घरात असलेला औरंगजेब भीमेकाठच्या इस्लामपुरीच्या छावणीतून स्वतः गडांच्या मोहिमेवर निघाला. वसंतगड, सातारा, परळी, पन्हाळा, विशाळगड, सिंहगड, राजगड, तोरणा. कागदावर पाहिले तर ही अखंड चढाई आहे; सलग सहा वर्षे तोच चालून जातो आहे आणि गड पडत आहेत. त्यांतले बरेचसे तोफांपेक्षा थैल्यांनी पडले. किल्लेदार महिनोन्‌महिने लढे, पावसाळा जवळ आला की भरघोस रक्कम घेऊन गड सोडी, आणि बादशहा पुढच्या गडाकडे वळला की मराठे तो परत घेण्याच्या उद्योगाला लागत. मार्च १७०० मध्ये सिंहगडावर राजाराम महाराज वारले, ताराबाईंनी सूत्रे हाती घेतली, आणि हे गणित अधिकच पक्के झाले. म्हातारा बादशहा सह्याद्रीच्या चिखलात गड मोजत असताना मराठा फौजा नर्मदा ओलांडून माळव्यात शिरत होत्या. १७०६ मध्ये धनाजी जाधव गुजरातेत मोगल फौज मोडत होते.

पेडगावी बहादूरखान ५० मैल धावला होता. त्याचा धनी पंचवीस वर्षे धावला.

या धावपळीखाली जमीन कोणाची तुडवली गेली, हे मात्र दोन्ही बाजूंच्या विजयांच्या यादीत सापडत नाही. श्रीगोंदे, पारनेर, जुन्नर, सोलापूर या पट्ट्यातून मोगल फौज जाई तेव्हा उभे पीक जाई आणि मराठ्यांची तुकडी येई तेव्हा चौथाई द्यावी लागे. १७०२ ते १७०४ या वर्षांत दख्खनमध्ये दुष्काळ आणि रोगराईने वीस लाखांवर माणसे मेल्याचे मनुची लिहितो. तो आकडा मोजणीचा नसेल, पण ते उद्गार डोळ्यांनी पाहणाऱ्याचे आहेत. काष्टी-पेडगावच्या शेतकऱ्याला पुढाकाराची नीती आणि प्रत्युत्तराची नीती यांतला फरक कळायला फारसा वाव नव्हता. दोन्ही त्याच्याच बांधावरून जात.

जानेवारी १७०६ मध्ये थकलेली शाही छावणी अहमदनगरला परतली. त्याच उन्हाळ्यात मराठ्यांची मोठी फौज छावणीपासून काही मैलांवर येऊन ठाकली आणि तिला हटवायला लढाई करावी लागली. २० फेब्रुवारी १७०७ रोजी शहरालगतच्या भिंगारजवळ औरंगजेब मरण पावला.

गोष्टीचा पुढचा अंक एका पिढीनंतरचा. १७२७ च्या पावसाळ्यानंतर निजामाने शाहू छत्रपतींविरुद्ध उघड चाल केली. १७२८ च्या फेब्रुवारीत तो पुण्यात घुसला आणि कोल्हापूरच्या संभाजींना तिथे छत्रपती म्हणून मिरवले. शाहू आणि चिमाजीअप्पा पुरंदरच्या आसऱ्याला गेले. २७ वर्षांच्या बाजीराव पेशव्यांनी पुण्याच्या रक्षणाला धावून यावे, अशी साऱ्यांची अपेक्षा, निजामाचीही तीच. बाजीराव तोवर जालना, वऱ्हाड, खानदेश, गुजरात असा निजामाचाच मुलूख घोड्यांच्या टापांखाली घालत फिरत होते, आणि आता त्यांनी औरंगाबादकडे मोर्चा वळवला. घर जळत असताना परतायचे नाही, हा निर्णय सांगायला सोपा आहे. पुण्यातल्या एखाद्या कुटुंबाच्या जागी बसून पाहिले म्हणजे त्यातले क्रौर्य ध्यानात येते.

राजधानी वाचवायची म्हणून निजामानेच पुणे सोडले. वेग गाठण्यासाठी त्याने अवजड तोफखाना मागे ठेवला, म्हणजे ज्या एका बाबतीत तो वरचढ होता तीच बाजू त्याने स्वतःच्या हाताने लंगडी केली. फेब्रुवारीच्या अखेरीस पालखेडजवळ त्याला मराठ्यांनी घेरले आणि पाणी तोडले. मोठी लढाई अशी झालीच नाही. या मोहिमेला मॉन्टगोमेरी या इंग्रज सेनानीने दिलेले प्रशस्तिपत्र समाजमाध्यमांवर इतके फिरले आहे की मोहिमेचा नकाशा मात्र फारच थोड्यांनी पाहिला असावा. तो पाहावा. बाजीरावांच्या वाटेची रेघ पुण्याला कुठेही शिवत नाही.

तेहतीस वर्षांनी हीच मराठा फौज पानिपतला खंदक खणून अडीच महिने अब्दालीच्या हालचालीची वाट पाहत बसली, आणि रसद तुटल्यावर १४ जानेवारी १७६१ रोजी उपाशीपोटी बाहेर पडली. तो स्वतंत्र धाग्याचा विषय.

पालखेडचा तह ६ मार्च १७२८ रोजी मुंगी-शेवगाव येथे झाला. दख्खनच्या सहा सुभ्यांतील चौथाई आणि सरदेशमुखीचा शाहूंचा हक्क निजामाने मान्य केला आणि कोल्हापूरकरांची पाठराखण सोडली. मुंगी हे गाव गोदावरीच्या काठी, आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यातच आहे. पेडगाव जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला भीमेवर, भिंगार मध्ये, मुंगी उत्तरेला गोदावरीवर. तिन्ही ठिकाणे एका दिवसात पाहून होतात. पेडगावी उन्हाळ्यात जायचे तर पाणी सोबत न्यावे, तटाच्या आत सावली मंदिरांपुरतीच आहे.